पर्वरीत स्विमिंग पूलवाला फ्लॅट भाड्याने घ्यावा का?

मोरपंखी (२८ एप्रिल)

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली पणजीला झाली आहे. मी घरून काम करते, लेक सहा वर्षांची, आणि सासूबाईही (वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) आमच्यासोबत येणार. पावसाआधी पुण्याहून बस्तान हलवायचंय.

गेल्या शनिवार-रविवारी जाऊन पाच फ्लॅट पाहिले. पहिले चार आता आठवतही नाहीत. पाचवा पर्वरीत, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके, सामानासकट, आणि बाल्कनीखाली निळाशार पूल. एजंटने दार उघडलं तशी लेक जी बाल्कनीच्या कठड्याला चिकटली, ती ओढूनच खाली आणावी लागली. भाडं ४२,०००, डिपॉझिट तीन महिन्यांचं, एजंटला एका महिन्याचं. त्याच रस्त्यावर पूल नसलेला, साधारण तेवढाच फ्लॅट ३०,००० ला आहे. म्हणजे पुलाचे महिना बारा हजार.

सासूबाईंना डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितलाय. त्यामुळे मी मनातल्या मनात त्या बारा हजारांना औषधपाण्याच्या खात्यात टाकून मोकळी झाले आहे. नवरा म्हणतो, समुद्र फुकट आहे. गोव्यात राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी कृपया सांगा, पूलवाल्या फ्लॅटमध्ये काय बघायचं असतं? टोकन अजून दिलेलं नाही.

नळाखालचा_तांब्या (२८ एप्रिल)

महिना बारा हजार म्हणजे दिवसाला चारशे. चारशे रुपयांत रोज नवीन बादली येईल. सासूबाईंना बादलीत उभं करा. (हलके घ्या.)

बार्देशकर (२८ एप्रिल)

मी म्हापशाचा. ताई, पूल एप्रिलमध्ये पाहिलात. एप्रिलमध्ये गोव्यातला प्रत्येक पूल निळा असतो, कारण पाहुणे असतात. आमच्याकडे म्हणतात तसं, पावस पडलो काय कळटलें.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. करार किती महिन्यांचा? आणि त्या इमारतीत बारा महिने राहणारी कुटुंबं किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एजंटला विचारू नका. रात्री साडेआठला जाऊन खाली उभं राहा आणि किती स्वयंपाकघरांत दिवे आहेत ते मोजा.

कोडगा_कासव (२९ एप्रिल)

बार्देशकरांना +१००. माझी कथा ऐका.

२०२२ च्या जूनमध्ये कांदोळीच्या बाजूला असाच पूलवाला फ्लॅट १८,००० ला मिळाला. मी एकटा, आनंदात. पावसाळाभर पूल बंद होता, "सीझनला सुरू करू" म्हणाले. ऑक्टोबरात खरंच सुरू केला, पाणी बदललं, दिवे लावले. मी दोन आठवडे पोहलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालकाचा फोन, "भाऊ, फॅमिली येतेय, खाली करावा लागेल." आली ती फॅमिली म्हणजे दर शुक्रवारी नवी आठ पोरं. डिसेंबरात तो फ्लॅट दिवसाच्या भाड्याने जात होता, आणि माझं एका महिन्याचं भाडं त्याला तीन-चार रात्रींत सुटत असावं. कराराचं म्हणाल तर कच्च्या कागदावर दोन सह्या होत्या, आणि त्यात एका महिन्याच्या नोटिशीचं कलम होतं. चूक माझीच.

त्या दोन आठवड्यांत एकदा पायाला काच लागली. पुलात. बिअरच्या बाटलीची. पाण्यात काच अजिबात दिसत नाही हे तेव्हा कळलं.

मोरपंखी (२९ एप्रिल)

बापरे. करार अकरा महिन्यांचा म्हणतोय एजंट, आणि "नोंदणीची गरज नाही, नोटरी चालते" असंही. पुण्यात आम्ही नेहमी रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करत आलो, म्हणून मला ते खटकलं.

हिशेबनीस (२९ एप्रिल)

यात एजंट तुम्हाला फसवत नाहीये. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मुळे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदवावंच लागतं. ते कलम महाराष्ट्राचं, गोव्याला लागू नाही. तिथे १९०८ चा नोंदणी कायदा, त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं. म्हणून सगळीकडे तो अकराचा आकडा. तरीसुद्धा मुदत, नोटीस आणि "मधल्या काळात दुसऱ्या कोणाला देणार नाही" हे तीनही स्पष्ट लिहून घ्या, आणि "लॉक-इन" (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही) हा शब्द मालकालाही लागू आहे असं लिहा. सहसा तो फक्त भाडेकरूच्या गळ्यात असतो. पोलीस ठाण्यातल्या भाडेकरू पडताळणीचा फॉर्मही मालकाकडून भरून घ्या, त्याची पोचपावती स्वतःकडे ठेवा.

आणि मालक कुठे राहतो हे विचारलंत का? गोव्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा.

मोरपंखी (२९ एप्रिल)

मालक लंडनला. इथलं सगळं त्यांचे मेहुणे बघतात.

हिशेबनीस (२९ एप्रिल)

वाटलंच. मग नीट वाचा. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूची. निवासी मालकाला असते ती महिना पन्नास हजारांची मर्यादा इथे नाही, पहिल्या रुपयापासून कापायचा, आणि दर ३० टक्के अधिक उपकर. ४२,००० वर तो तेरा हजारांच्या पुढे जातो. मालकाने कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आणलं तर गोष्ट वेगळी. मेहुणे म्हणतील, "माझ्या खात्यात टाका, कशाला भानगड." टाकू नका. उद्या आयकर खात्याचं पत्र मेहुण्यांना येत नाही, तुम्हाला येतं. तुमच्या सीएला विचारूनच पुढे जा.

नळाखालचा_तांब्या (२९ एप्रिल)

बादलीचा प्रस्ताव अजून खुला आहे.

करंझाळेकर (३० एप्रिल)

पुलाचं बाजूला ठेवा, आधी नळाचं विचारा. गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतात, हे बाहेरून येणाऱ्यांना पटत नाही. पर्वरी बार्देश तालुक्यात येतं. तिथलं पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून, आणि त्याला मोठा आधार तिळारीच्या कालव्याचा. धरण तुमच्याच महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. कालव्याला कुठे भगदाड पडलं की बार्देशात नळ कोरडे. आम्ही तिसवाडीवाले (पणजीचा तालुका) ओपाच्या प्रकल्पाच्या पाण्यावर. आम्हालाही २०१९ च्या ऑगस्टमध्ये, खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा, ऐन पावसात कित्येक दिवस पावसाचं पाणी गाळून भांडी घासावी लागली होती.

सांगायचं कारण असं की टंचाईत सोसायटी आधी पुलाचं पाणी तोडते. तोडायलाच हवं. पण त्या महिन्याचे तुमचे बारा हजार कोणी परत करत नाही.

सासूबाईंसाठी एक पर्याय. पणजीत कांपालला क्रीडा प्राधिकरणाचा मोठा तलाव आहे, २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या जलतरणाच्या शर्यती तिथेच झाल्या. म्हापशात पेडे संकुलातही आहे. शिकवायला माणसं, जीवरक्षक, वेळा ठरलेल्या. करंझाळे-ताळगावकडे बिनपुलाचं घर घेतलंत तर कांपाल दहा-पंधरा मिनिटांवर. फक्त तिथे उतरायला पायऱ्या कशा आहेत, आजींना जमेल का, हे स्वतः जाऊन बघा.

खाडीपलीकडचा (३० एप्रिल)

दुबईत चौदा वर्षं भाड्याने राहतोय. इथे मध्यम इमारतीतही पूल असतो, आणि उन्हाळ्यात पाणी इतकं तापतं की ते गार करायला चिलर लावतात. करार सरकारी 'इजारी'त नोंदवला जातो. असं काही गोव्यात नाही का?

बार्देशकर (३० एप्रिल)

गोव्यात मेहुणे आहेत.

पंपवाला (१ मे)

उशिरा आलो, कामावर होतो. मी कुडाळचा. गेली अकरा वर्षं म्हापसा, पर्वरी, शिवोलीच्या पट्ट्यात पुलांचीच कामं करतो. वरचं सगळं वाचलं. सगळे बरोबर बोलतात, पण पुलाबद्दल कोणीच बोलत नाही!

आमच्याकडे म्हणतात, पूल कसो आसा ता पाण्यात बघू नको, पंपाच्या खोलीत बघ. निळं पाणी एका रात्रीत करता येतं. टाइल निळी, वर तुरटी, सकाळी गाळ ओढून घेतला की फोटो काढण्याजोगा पूल तयार. पंपाची खोली एका रात्रीत सुधारत नाही.

आता आकडे. समजा पूल १० मीटर लांब, ५ रुंद, १.२ खोल. सोसायटीचे पूल साधारण एवढेच. म्हणजे ६०,००० लिटर पाणी, दहा हजाराचे सहा टँकर. उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. पाच मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पन्नास चौरस मीटरवर ते २५० लिटर होतं. महिन्याला साडेसात हजार लिटर नुसतं हवेत. मुलांच्या उड्या आणि फिल्टर उलटा धुताना जाणारं पाणी वेगळं.

पंप तासाला दहा हजार लिटर फिरवत असेल तर सगळं पाणी एकदा गाळणीतून जायला सहा तास. म्हणजे रोज किमान सहा तास पंप चालायलाच हवा. दीड किलोवॅटची मोटर धरली तर दिवसाला नऊ युनिट, महिन्याला २७०. पाहुणे नसले की सोसायटी पहिली बचत इथे करते, पंप दोन तासांवर आणते. वरून पाणी तसंच दिसतं. चार दिवसांनी पायरीला हात लावा, बुळबुळीत लागेल. ती शेवाळाची सुरुवात.

दुसरं म्हणजे वास. लोक म्हणतात "क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ." उलट आहे! नीट राखलेल्या पुलाला फारसा वास नसतो. डोळे चुरचुरवणारा तो वास क्लोरीन घामात-लघवीत मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे क्लोरीन कमी पडतंय. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) हवं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८. पीएच आठच्या वर गेला तर क्लोरीन असूनही नसल्यासारखंच. तपासायची छोटी डबी ऑनलाइन मिळते, दोन नळ्या आणि दोन बाटल्या, एकीत पिवळा रंग येतो, एकीत लाल. खिशात घालून घर बघायला जा. एजंटचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. बहुतेक ठिकाणी क्लोरीनच्या गोळ्या टाकतात. त्या गोळ्यांतून सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरतं. उन्हात क्लोरीन टिकायला ते थोडं लागतंच. पण ते उडून जात नाही, साचत राहतं, आणि फार साचलं की क्लोरीन कामच करत नाही. उपाय एकच, पाणी काढून नवीन भरणे. आता करंझाळेकरांनी पाण्याची जी कथा सांगितली तिच्यानंतर सांगा, मे महिन्यात सहा टँकर कोण मागवणार?

लहान मूल आहे म्हणून हे जीव तोडून सांगतो. तळाच्या जाळीकडे बघा. जाळी तुटलेली किंवा हललेली असेल तर उतरायचं नाही, पंपाची ओढ केस धरते. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल इतकं पाणी गढूळ असेल तरी उतरायचं नाही, बुडालेलं पोर दिसणार नाही. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आहेत का आणि पॅनेलवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारा. समुद्राच्या खाऱ्या हवेत पॅनेलच्या पट्ट्या दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात. मी स्वतः एकदा ओल्या हाताने शिडी धरली आणि मुंग्या आल्या. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय शिडीला हात लावत नाही.

मोरपंखी (१ मे)

पंपवाले दादा, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतेय. ऑनलाइन डबी मागवली. शनिवारी पुन्हा जाते.

कोडगा_कासव (२ मे)

अवांतर: तुमची गाडी एमएच पासिंगची असेल तर बारा महिन्यांच्या वर गोव्यात ठेवायची झाल्यास तिकडची नोंदणी करावी लागते. पुण्यातून निघण्यापूर्वी आरटीओची एनओसी घ्यायची विसरू नका. मी विसरलो होतो.

खाडीपलीकडचा (२ मे)

म्हणजे हे विसरण्यातच गोवा आहे तर.

मोरपंखी (१० मे)

जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

रात्री साडेआठला आधी नुसतेच खाली जाऊन उभे राहिलो. चोवीस फ्लॅट. पाच स्वयंपाकघरांत दिवे. तीन बाल्कन्यांत गाणी. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "चेक-इन?"

सकाळी एजंटसोबत गेलो. पूल तसाच निळा. डबी काढली, पाणी भरलं, थेंब टाकले. पीएचच्या नळीत जांभळट लाल, म्हणजे तक्त्याच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे. क्लोरीनच्या नळीत रंगच नाही. मला वाटलं माझंच चुकलं, पुन्हा केलं. तेच. एजंट म्हणाला, "मॅडम, हे पुणेरी प्रयोग आहेत." मी म्हटलं, पंपाची खोली दाखवा. चावी वॉचमनकडे, वॉचमन म्हणे सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी म्हणे मेहुण्यांकडे. अर्ध्या तासाने एक बाई झाडू घेऊन आली आणि तिने सरळ कडी काढली. कुलूप नव्हतंच.

आत दोन चौथरे, एकावर पंप. दुसऱ्यावर चार बोल्ट आणि गंजाचा चौकोन, मोटर गायब. भिंतीला दोरीने बांधलेली वही, रोजचा पीएच, रोजचं क्लोरीन, सही, असे रकाने. शेवटची नोंद १६ फेब्रुवारीची. त्यानंतरच्या पानावर कोणीतरी दुधाचा हिशोब लिहिलाय. कोपऱ्यात निळी बादली, तिच्यात पाणी आणि आठ-दहा गप्पी मासे. मी बाईंना विचारलं हे कशाला. त्या म्हणाल्या, "पावसांत हांगा सोडटात, जळारां जाता न्हय." म्हणजे पावसाळ्यात पुलात डासांसाठी मासे सोडतात!

लेकीला मासे आवडले. बाकी काही नाही.

पंपवाला (१० मे)

गप्पी सोडतात म्हणजे निदान प्रामाणिक लोक आहेत. क्लोरीन घातलेल्या पाण्यात गप्पी जगत नाही. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने क्लोरीन बंद, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे मासे टाकणं चूक नाही. चूक आहे ती त्याचे बारा हजार घेणं.

नळाखालचा_तांब्या (१० मे)

टू बीएचके, पूल आणि मत्स्यालय. ४२,००० कमीच आहेत.

करंझाळेकर (११ मे)

मग ठरलं काय?

मोरपंखी (११ मे)

तो नाही घेत. मेहुण्यांचा काल फोन आला, भाडं ३८,००० वर आणलं, कराचा विषय काढला तर म्हणाले "लंडनला विचारून सांगतो." अजून लंडन बोललेलं नाही.

करंझाळ्यात एक जुनं घर बघितलंय, तळमजला, २८,०००, मालकीणबाई वरच राहतात. पूल नाही. विहीर आहे. लेकीने विहिरीला "खोल पूल" असं नाव दिलं तेव्हा तिथेच मालकीणबाईंकडून वर लोखंडी जाळी बसवून घ्यायचं कबूल करून घेतलं, करारात लिहून.

बार्देशकर (११ मे)

तळमजला असेल तर पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. चामड्याच्या चपला, पट्टे, पर्स सगळ्यांवर पांढरी बुरशी येते. लग्नातल्या साड्या पुण्यालाच ठेवून या. आणि एसीची बाहेरची पेटी समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडावर नको, तांब्याची नळी खाऊन टाकतो तो वारा.

मोरपंखी (१७ ऑगस्ट)

धागा वर काढते, माफी. कोणीतरी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं होतं आमचं काय झालं.

करंझाळ्याला आलो. बुरशीबद्दल बार्देशकर खरं बोलले होते, नवऱ्याचा ऑफिसचा पट्टा हिरवा झाला. कांपालला मी आणि सासूबाई आठवड्यातून तीनदा जातो. पहिले दोन आठवडे त्या काठावर बसून फक्त पाय बुडवत होत्या. सुरुवातीला पोहायचा पोशाख घालायचा म्हणून घरात मौनव्रत पाळलं होतं. आता त्या उथळ बाजूला दांडी धरून या टोकाहून त्या टोकाला चालतात, मध्ये थांबून शेजारच्या आजींशी सुरमईचे भाव बोलतात. गुडघ्याचं डॉक्टर सांगतील. पण परवा दाबोळीला जाताना गाडीतून उतरताना त्यांनी हात मागितला नाही.

विहीर काठोकाठ भरलीय. जाळीवर एक बेडूक बसतो.

टोकन_घेऊन_उभा (१९ ऑगस्ट)

संपूर्ण धागा एका दमात वाचला. मोरपंखी, ती पर्वरीची इमारत नक्की कुठल्या रस्त्याला? काल मला एका एजंटने बाल्कनीतून पूल दाखवला. चोवीस फ्लॅट आहेत, मालक लंडनला असतात, आणि ३६,००० म्हणतोय.

मोरपंखी (१९ ऑगस्ट)

व्यनि केला आहे. बादली बघून या.